सारखे काय धरायचे? : वायूंच्या तुलनाशास्त्राची प्रस्तावना

काचेचे दोन गोल घ्या, दोन्ही बरोबर एक लिटरचे. एकात हायड्रोजन भरा, दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड. दोन्ही वितळत्या बर्फात ठेवून शून्य अंश सेल्सिअसला आणा आणि आतला दाब समुद्रसपाटीवरच्या हवेइतका करा. आता तराजू काढा. पहिल्या गोलातला वायू भरेल ०.०९ ग्रॅम, दुसऱ्यातला १.९८ ग्रॅम, म्हणजे बावीस पट. आणि तरीही दोन्ही गोलांतले रेणू मोजता आले असते, तर संख्या जवळजवळ एकच निघाली असती : २७ वर एकवीस शून्ये.

बारावीपर्यंत शास्त्र शिकलेल्या कोणालाही हे ऐकून माहीत असते. माहीत असल्यामुळेच त्यातले नवल हरवलेले असते. हायड्रोजनचा रेणू हलका आणि लहान, कार्बन डायऑक्साइडचा जड आणि लांबट. एक चटकन पेट घेणारा, दुसरा आग विझवणारा. असे दोन परके पदार्थ सारख्या जागेत, सारख्या दाबाखाली, सारख्या तापमानाला नेमके सारख्याच संख्येने का राहावेत? द्रवांत असे होत नाही, घनांत तर मुळीच नाही. एक लिटर पाणी आणि एक लिटर पारा यांतल्या कणांच्या संख्येचा एकमेकांशी काही संबंध नाही. हा साधेपणा फक्त वायूंच्या वाट्याला आला आहे, कारण वायूतले रेणू एकमेकांपासून इतके दूर असतात की आपण कोण आहोत हे एकमेकांना कळवण्याची संधीच त्यांना फारशी मिळत नाही.

या पुस्तकाचा विषय आहे वायूंच्या गुणधर्मांची तुलना. विषय जुना आहे, कोष्टकांनी भरलेला आहे, आणि म्हणून कंटाळवाणा असल्याचा त्याचा लौकिक आहे. तो लौकिक अन्यायाचा आहे असे मला वाटते. कोष्टकाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत एक ओळ असते : तापमान अमुक, दाब अमुक. विद्यार्थी ती ओळ वगळून आकड्यांवर जातो. माझ्या मते सगळे शास्त्र त्या ओळीत आहे. तुलना करताना काय सारखे धरायचे, हा प्रश्न ज्यांनी नव्याने विचारला, त्यांनीच हे शास्त्र पुढे नेले. बाकीच्यांनी दशांशचिन्हापुढची घरे भरली. तेही काम मोठे आहे, आणि त्यातून काय निघू शकते हे पुढे येईलच.

पहिली पायरी आकारमानाची. १८०८ साली गे-ल्युसॅकने दाखवले की वायू एकमेकांशी संयोग पावतात तेव्हा त्यांची आकारमाने सोप्या पूर्णांकांच्या प्रमाणात असतात. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांची वाफ होते ती दोन लिटर, अर्थात सर्व मापे एकाच दाबाला आणि पाण्याची वाफच राहील अशा एकाच तापमानाला घेतली तर. डाल्टनला हे पटेना. त्याचा ऑक्सिजनचा कण अविभाज्य होता; एका लिटरमधले कण दोन लिटर वाफेत वाटायचे तर प्रत्येक कणाचे दोन तुकडे व्हायला हवेत. १८११ मध्ये इटलीतल्या ॲव्होगाड्रोने यातून वाट काढली. सारख्या आकारमानात सारखेच रेणू असतात, आणि ऑक्सिजनचा रेणू मुळात दोन अणूंचा आहे; तुटतो तो रेणू, अणू नव्हे.

आज हे एका परिच्छेदात सांगून होते. तेव्हा त्याला जवळपास पन्नास वर्षे लागली. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना का धरून बसतील, याचे उत्तर त्या काळच्या रसायनशास्त्राजवळ नव्हते, आणि ॲव्होगाड्रोचा लेख पडून राहिला. १८६० च्या सप्टेंबरात कार्लस्रूहे गावी युरोपातले रसायनशास्त्रज्ञ जमले ते याच घोळाला कंटाळून. पाण्याचे सूत्र काय लिहायचे यावरही त्यांचे एकमत नव्हते. परिषदेत निर्णय काहीच झाला नाही. मात्र निघता निघता कानिझारोची एक पुस्तिका लोकांच्या हाती पडली. तिच्यात ॲव्होगाड्रोचे गृहीत धरून अणुभार कसे काढायचे ते शिस्तीत मांडले होते. लोथार मायरने ती परतीच्या वाटेवर वाचली आणि आपल्या शंका फिटल्याचे पुढे लिहून ठेवले. तरुण मेंडेलीव्हही त्या परिषदेला हजर होता. आवर्तसारणीला लागणारे अणुभार ज्या पायावर उभे राहिले, तो पाया म्हणजे सारख्या परिस्थितीतल्या दोन वायूंच्या वजनांची तुलना. ॲव्होगाड्रो मात्र ती परिषद पाहायला नव्हता. तो १८५६ मध्येच वारला होता.

येथे एक व्यावहारिक सूचना. एका मोलचे आकारमान २२.४ लिटर, हा आकडा आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या पाठ केला जातो. तो शून्य अंश आणि एक ॲटमॉस्फिअर या दाबाचा आहे. १९८२ पासून रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रमाण दाब एक बार ठरवला आहे, आणि त्या दाबाला तोच आकडा २२.७ होतो. दोन्ही बरोबर आहेत. दोन पुस्तकांतली कोष्टके शेजारी ठेवताना हे विसरले तर सव्वा टक्क्याची चूक होते, आणि सव्वा टक्का म्हणजे या शास्त्रात प्रचंड.

घनतेची तुलना सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त गैरसमजांची. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधला गॅस प्रोपेन आणि ब्यूटेनचा, हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. गळला तर ओट्याखाली, फरशीलगत साचतो. पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन, हवेच्या साधारण ०.५५ पट, तो छताकडे जातो. एकासाठी झरोका खाली हवा, दुसऱ्यासाठी वर. कॅमेरूनमधल्या न्योस सरोवराने २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री कार्बन डायऑक्साइडचा लोट बाहेर टाकला, तेव्हा हवेच्या दीडपट जड असलेला तो वायू उतारावरून दऱ्याखोऱ्यांत उतरला आणि सुमारे १,७०० माणसे झोपेत गुदमरून मेली.

यावरून जड वायू नेहमी तळाशी जातो असा नियम मात्र काढू नये. खाली जातो तो वायूचा लोंढा, एकेक रेणू नव्हे. एकदा वायू हवेत मिसळला की तो आपणहून वेगळा होऊन खाली बसत नाही. ऑरगॉन नायट्रोजनपेक्षा जवळजवळ दीडपट जड, तरी जमिनीपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीपर्यंत हवेतले दोघांचे प्रमाण तेच राहते, कारण वारे आणि प्रवाह हवा सतत घुसळत असतात. फ्रिजमधले जुने क्लोरोफ्लुरोकार्बन वायू हवेच्या चौपट जड. ते ओझोनच्या थरापर्यंत चढतील कसे, असा आक्षेप, हे वायू ओझोनचा नाश करतात असे सांगणाऱ्या मोलिना आणि रोलँड यांच्या १९७४ च्या निबंधानंतर, पुष्कळांनी मोठ्या आत्मविश्वासाने घेतला. ते चढले. वर पाठवलेल्या उपकरणांनी ते तिथे मोजले.

दुसरी पायरी छिद्राची. थॉमस ग्रॅहमने १८३० च्या सुमारास वायूंना सच्छिद्र अडथळ्यातून आणि पुढे बारीक छिद्रांतून जाऊ दिले आणि कोण किती वेगाने निसटतो ते पाहिले. वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात निघाला. हायड्रोजन ऑक्सिजनच्या चौपट वेगाने निसटतो, कारण ऑक्सिजन सोळा पट जड. रेणूंच्या गतीवरून याचे कारण नंतर कळले. तापमान सारखे म्हणजे रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखी. मग जो हलका तो चपळ. २५ अंशांना हायड्रोजनच्या रेणूची गती सेकंदाला साधारण १,९२० मीटर, नायट्रोजनची ५१५, कार्बन डायऑक्साइडची ४११. युरेनियमच्या दोन समस्थानिकांना वेगळे करण्यासाठी त्यांच्या हेक्साफ्लुराइडची वाफ सच्छिद्र पडद्यांतून पुनःपुन्हा ढकलली गेली तीही याच नियमाच्या भरवशावर. तिथे रेणुभार ३४९ आणि ३५२, म्हणजे एका पडद्यामागे मिळणारा फायदा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. अमेरिकेत ओक रिजला त्यासाठी अवाढव्य कारखाना उभारावा लागला तो या वर्गमुळापायीच.

हेच वर्गमूळ शेगडीतही भेटते. सिलिंडर जाऊन पाइप गॅस आला की माणूस येऊन शेगडीचे जेट बदलून जातो. एक लिटर प्रोपेन किंवा ब्यूटेन जाळला तर एक लिटर मिथेनच्या अडीच ते सव्वातीन पट उष्णता मिळते. पण जड वायू छिद्रातून सावकाश निघतो, त्यामुळे उष्णतामूल्याला घनतेच्या वर्गमुळाने भागले की हा फरक दीड-पावणेदोन पटीवर येतो. या भागाकाराला वोब्बे अंक म्हणतात. गॅस कंपन्यांना घनतेपेक्षा, उष्णतामूल्यापेक्षाही या अंकाची काळजी जास्त, कारण दोन वायूंचा वोब्बे अंक सारखा असेल तर एकाच शेगडीवर दोन्ही चालतात. अंक कमी, म्हणून मिथेनला जेटचे भोक मोठे लागते. जाणकार वाचकाच्या लक्षात येईल की शेगडीच्या जेटमधला प्रवाह आणि ग्रॅहमच्या सूक्ष्म छिद्रातले निसटणे यांची कारणे वेगळी आहेत. पहिल्यात वायू एकसंध धारेसारखा वाहतो, दुसऱ्यात रेणू सुटे सुटे बाहेर पडतात. सूत्र एकच निघते, आणि अशा योगायोगांनी विद्यार्थी फसतात.

आता भौतिकशास्त्रज्ञ रॅलेच्या तराजूकडे येऊ. या शास्त्रात सर्वांत सुंदर काय, असे कोणी विचारले तर मी हे सांगेन.

वायूचे वजन करणे अवघड असते, कारण काचेच्या गोलाला बाहेरची हवा उचलून धरते आणि ती हवा तर तासातासाला बदलते. दमटपणा वाढला, हवेचा दाब उतरला, की आकडा हलला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रेन्योने यावर तोड काढली. तराजूच्या दुसऱ्या पारड्याखाली तेवढ्याच आकारमानाचा बंद गोल टांगायचा. हवेत जो बदल होईल तो दोघांवर सारखाच होईल आणि आपोआप वजा होईल. इतका खबरदार माणूसही एका ठिकाणी चुकला. गोल निर्वात केला की बाहेरच्या दाबाने तो किंचित आकसतो, हे त्याच्या ध्यानी आले नाही. रॅलेने ती दुरुस्तीही केली.

रॅलेला नायट्रोजनची घनता हवी होती. एक नायट्रोजन त्याने हवेतून काढला, ऑक्सिजन, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन. दुसरा त्याने नायट्रोजनच्या संयुगांपासून बनवला. त्याच गोलात, त्याच तापमानाला, त्याच दाबाला पहिला भरला २.३१० ग्रॅम आणि दुसरा २.२९९ ग्रॅम. फरक अकरा मिलिग्रॅमचा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दुसऱ्या कोणी सरासरी घेतली असती. रॅलेने १८९२ मध्ये 'नेचर'ला पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांनाच कारण विचारले. प्रथम त्याला वाटले, संयुगापासूनच्या वायूत काही हलके मिसळले असावे. म्हणून त्याने दोन्ही वायूंत मुद्दाम भेसळीची शक्यता वाढवून पाहिली; फरक हलेना. मग रसायनशास्त्रज्ञ रॅमसेने हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुनःपुन्हा नेला. नायट्रोजन संपत गेला आणि मागे एक हट्टी अवशेष उरला, जो कशाशीच संयोग पावत नव्हता. ऑगस्ट १८९४ मध्ये दोघांनी नवा वायू जाहीर केला. हवेचा जवळजवळ शंभरावा हिस्सा असलेला ऑरगॉन तोपर्यंत सगळ्यांच्या फुप्फुसांतून आतबाहेर होत होता आणि कोणालाही माहीत नव्हता. कॅव्हेंडिशने मात्र १७८५ मध्येच नोंदवून ठेवले होते की हवेतल्या नायट्रोजनचा एक बुडबुडा, १२० व्या भागाहून मोठा नाही असा, काही केल्या नाहीसा होत नाही. शंभरांहून अधिक वर्षे ते वाक्य ग्रंथात तसेच होते.

ऑरगॉनची पुढची हकिकतही तुलनेचीच. त्याचा कशाशी संयोगच होत नाही, मग अणुभार काढायचा कसा? उत्तर आवाजाने दिले. तापमान सारखे धरले, तर वायूतला ध्वनीचा वेग दोन गोष्टींवर ठरतो, रेणुभारावर आणि दोन विशिष्ट उष्णतांच्या गुणोत्तरावर. एका अणूच्या रेणूला गिरकी घेऊन उष्णता साठवता येत नाही, म्हणून त्याचे गुणोत्तर १.६७ येते, दोन अणूंच्या नायट्रोजन-ऑक्सिजनचे १.४०, कार्बन डायऑक्साइडचे १.३० च्या आसपास. ऑरगॉनचे १.६७ निघाले. म्हणजे रेणू एकाच अणूचा आणि अणुभार चाळीस. आवर्तसारणीत ३९ च्या पोटॅशियमआधी हा चाळीसचा पाहुणा बसवायचा कुठे, या पेचात खुद्द मेंडेलीव्हला काही काळ वाटत होते की ऑरगॉन म्हणजे नायट्रोजनचाच तीन अणूंचा रेणू असावा. तुलनेचा आकडा त्याच्या विरुद्ध होता आणि आकडाच खरा ठरला. १९०४ चे दोन नोबेल, भौतिकीचे रॅलेला आणि रसायनाचे रॅमसेला, हे त्या अकरा मिलिग्रॅमचे फळ.

रॅमसेचे नाव निघालेच आहे तर मराठी वाचकासाठी एक खुलासा. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. त्या तारखेचे १८६८ चे खग्रास ग्रहण भारतातून दिसले हे खरे, पण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने ते पाहिले गुंटूरहून, आणि इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा टिपली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, इंग्लंडमध्ये, ग्रहणाशिवाय. लॉकियर विजयदुर्गाला आला तो जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोपर्यंत रॅमसेने पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम काढूनही तीन वर्षे झाली होती. किल्ल्याचे महत्त्व यामुळे उणे होत नाही. ग्रहणाच्या अभ्यासातले त्याचे स्थान पक्के आहे, फक्त ते तीस वर्षे अलीकडे आणावे लागते.

श्यानतेच्या प्रकरणात वाचकाची अटकळ पहिल्यांदा सपशेल चुकेल. जड वायू दाट, म्हणून जास्त चिकट, असे वाटणे स्वाभाविक आहे. २५ अंशांचे आकडे मायक्रोपास्कल-सेकंदांत पाहा : हायड्रोजन ८.९, कार्बन डायऑक्साइड १४.९, नायट्रोजन १७.८, हेलियम १९.८, ऑरगॉन २२.६. हेलियम नायट्रोजनच्या सातव्या हिश्श्याइतका हलका असून त्याच्याहून चिकट. कार्बन डायऑक्साइड जड असून कमी. रेणू जड असला की तो एका थरातून दुसऱ्यात जास्त संवेग घेऊन जातो. पण तो अंगाने मोठाही असला तर त्याच्या वारंवार टकरी होतात आणि तो लांब जाऊ शकत नाही. हेलियम हलका खरा, पण इतका लहान की त्याची मजल लांब. याहून विलक्षण गोष्ट मॅक्सवेलने १८६० मध्ये गणिताने काढली : वायूची श्यानता दाबावर अवलंबून नसते. त्याला स्वतःलाच ती पटेना. लंडनच्या घरात त्याने तबकड्या टांगून प्रयोग केला. खोलीचे तापमान राखण्यासाठी पत्नी कॅथरीन शेगडी सांभाळत होती. दाब पुष्कळ कमी केला तरी श्यानता तीच राहिली. रेणू खरोखर असतात यावर अनेकांचा विश्वास बसला तो यासारख्या निकालांमुळे.

उष्णतावाहकतेत हायड्रोजन हवेच्या सात पट पुढे, हेलियम सहा पट, तर ऑरगॉन आणि कार्बन डायऑक्साइड हवेच्याही मागे. औष्णिक वीज केंद्रातल्या ५०० मेगावॉटच्या जनित्राच्या पोटात हायड्रोजन भरलेला असतो तो यासाठी. तो उष्णता झटपट काढून नेतो आणि घनता हवेच्या चौदाव्या हिश्श्याइतकी असल्यामुळे फिरत्या रोटरला अडवतही नाही. हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असेल तर मिश्रण स्फोटक, म्हणून हवा काढून थेट हायड्रोजन भरत नाहीत. आधी खालून जड कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो हवेला वर रेटून बाहेर काढतो; मग वरून हलका हायड्रोजन सोडतात, तो कार्बन डायऑक्साइडला खाली दाबतो. आतला हायड्रोजन किती शुद्ध उरला आहे हे सांगणारे उपकरण मोजते तेही बहुधा उष्णतावाहकताच. घनता आणि वाहकता यांचे पाठ्यपुस्तकातले दोन स्तंभ एका यंत्राच्या पोटात कसे राबतात, हे विद्यार्थ्यांनी एकदा चंद्रपूरसारख्या केंद्रात जाऊन विचारावे.

येथवर आपण दाब आणि तापमान सारखे धरत आलो. पण ते खरोखर न्याय्य आहे का? १८७३ मध्ये लायडनला व्हॅन डर वाल्स नावाच्या शाळामास्तराने प्रबंध सादर केला, आणि त्याच्या विचारातून १८८० पर्यंत जे निघाले त्याने तुलनेचा पायाच हलवला. दहा वर्षांचा बैल उतरणीला लागलेला असतो आणि दहा वर्षांचे पोर अजून शाळेत असते. दोघांना 'सारख्याच वयाचे' म्हणणे पंचांगाच्या दृष्टीने बरोबर, जगण्याच्या दृष्टीने चूक. वायूंचेही तसेच. प्रत्येक वायूला एक क्रांतिक तापमान असते, ज्याच्या वर कितीही दाबले तरी त्याचा द्रव होत नाही. कार्बन डायऑक्साइडचे ३१ अंश, ऑक्सिजनचे उणे ११८, नायट्रोजनचे उणे १४७, हेलियमचे उणे २६८. २५ अंशांच्या एकाच खोलीत कार्बन डायऑक्साइड आपल्या क्रांतिक तापमानाच्या ०.९८ पटीवर असतो, नायट्रोजन २.४ पटीवर, हेलियम ५७ पटीवर. ही तापमाने अर्थातच केल्व्हिनमध्ये मोजलेली. तापमापी एकच आकडा दाखवते, पण तिघे तीन वेगळ्या ऋतूंत आहेत.

ज्याच्या त्याच्या क्रांतिक तापमानाच्या आणि दाबाच्या पटीत मोजले, तर वेगवेगळ्या वायूंचे आलेख एकमेकांवर येऊन बसतात. याला अनुरूप अवस्थांचा नियम म्हणतात. खोलीच्या तापमानाला बारीक छिद्रातून प्रसरण पावताना नायट्रोजन थंड होतो आणि हायड्रोजन उलट तापतो, या जुन्या कोड्याचे उत्तरही त्यातच मिळते : हायड्रोजन आपल्या मापाने फार तापलेला आहे, त्याला आधी थंड करा, मग तोही शहाण्यासारखा वागेल. याच हिशेबाच्या आधारे कामरलिंग ओनेसने हेलियमचा द्रव कुठल्या तापमानाला होईल याचा अंदाज बांधला, आणि १० जुलै १९०८ ला तो करून दाखवला.

याचा प्रत्यय २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपण सगळ्यांनी घेतला, नियमाचे नाव न घेता. रुग्णालयातल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन दीडशे बारला दाबला तरी वायूच राहतो. मोठा साठा न्यायचा तर उणे १८३ अंशांचा द्रव करून खास टँकरनेच न्यावा लागतो. स्वयंपाकाचा गॅस मात्र साध्या दाबाने द्रव होतो आणि १४.२ किलो एका सिलिंडरमध्ये मावतो. म्हणून ऑक्सिजन किती उरला हे दाबमापक सांगतो, काटा सरळ उतरत येतो. घरच्या सिलिंडरवर दाबमापक लावला तर तो शेवटचा थेंब उडेपर्यंत जवळजवळ तेच दाखवेल. तिथे उचलून पाहणे किंवा वजन करणे, एवढाच उपाय.

नियम सर्वत्र चालत नाही. पाणी आणि अमोनिया यांचे रेणू एकमेकांना जास्तच धरून असतात; हायड्रोजन आणि हेलियम इतके हलके की कमी तापमानाला पुंजवादाचे नियम मध्ये येतात. अपवादांचे प्रकरण पुढे सविस्तर आहे आणि ते टाळू नये.

आणि एका मर्यादेबद्दल आधीच सावध करतो. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ही जोडी पाहा. दोघांचा रेणुभार २८, इलेक्ट्रॉन चौदा-चौदा, घनता एक, श्यानता जवळजवळ एक, उत्कलनबिंदूंत जेमतेम चार अंशांचा फरक. लँगम्यूरने १९१९ मध्ये अशा जुळ्यांकडे लक्ष वेधले. या पुस्तकातल्या बहुतेक स्तंभांत ती दोघे ओळखू येणार नाहीत. पण एक आपण दर श्वासाला आत घेतो, आणि दुसरा हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो आणि बंद न्हाणीघरात गीझरच्या धुरातून येऊन माणूस मारतो. ना वास, ना रंग. भौतिक गुणधर्मांचे कोष्टक कितीही भरले तरी तो फरक त्यात दिसत नाही.

शेवटचा भाग प्रारणाचा. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या सारख्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत तापली, १२५ अंश फॅरनहाइटपर्यंत, आणि सावलीत आणल्यावर निवायलाही तिलाच जास्त वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, हे त्यांनी तेव्हाच लिहिले. सूर्याचे प्रकाशकिरण आणि जमिनीकडून परतणारी अवरक्त उष्णता यांत त्यांच्या नळीला भेद करता येत नव्हता. तो १८५९ पासून टिंडलने केला. त्याच्या नळीत कोरडी हवा, ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन जवळजवळ पारदर्शक ठरले. कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि एथिलीन यांनी उष्णता अडवली.

आज हीच तुलना धोरणांच्या मुळाशी आहे, आणि 'सारखे काय' हा वाद इथे पैशांचा होतो. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो? एक किलोला एक किलो आणि शंभर वर्षांची मुदत धरली तर सुमारे २८ पट. मुदत वीस वर्षांची धरली तर सुमारे ८० पट, कारण मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो आणि त्याचा सगळा जोर सुरुवातीला असतो. किलोऐवजी रेणूला रेणू धरला, तर मिथेनचा रेणू १६ चा आणि दुसरा ४४ चा असल्याने २८ चे दहाच्या आसपास होतात. खाणींतून आणि वाहिन्यांतून गळणारा वायू, भातखाचरे आणि गोठे यांची जबाबदारी कोणी किती घ्यायची, यावरच्या वाटाघाटींत प्रत्येक पक्ष आपल्याला सोयीची मुदत घेऊन बसतो. शेवटच्या प्रकरणात दोन्ही मुदतींचे आकडे शेजारी शेजारी दिले आहेत, रेणूमागचे आणि किलोमागचेही, म्हणजे वाचकाला आपल्या तालुक्यातल्या जनावरांचा हिशेब स्वतः दोन्ही पद्धतींनी करून पाहता येईल.